आटवलेलं पाणी

"पोरी, खरं खरं सांग. जगतील का न्हाई?"

आबा इंगवले माझ्या पाठीमागं उभे होते. मी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यातल्या सहा फुटी काचेच्या टाकीपुढं उकिडवी बसून बोटाएवढी काचेची नळी हलवत होते. नळीत टाकीतलं पाणी आणि त्यात तपासणीच्या औषधाचे मोजके थेंब. पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर नायट्रेट नाही, केशरी झालं तर आहे, लाल झालं तर धडगत नाही. नळीतलं पाणी दुसऱ्याच मिनिटाला लाल झालं.

"जगतील," मी म्हणाले. "न जगायला काय झालं?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारी मी एकटीच. मोठमोठ्या डॉक्टर-वकिलांच्या घरचे समुद्र माझ्या हातात, त्यामुळं नाक जरा वरच असायचं. 'केतकी आली की मासा मरत नाही' असं लोक म्हणायचे. लोक नाही म्हणाले तर मी म्हणायचे.

कुरणवाडीला मात्र मी पहिल्यांदाच आले होते. गावाच्या चारी बाजूंना ऊस, समुद्राचा कुठं मागमूस नाही, आणि इंगवल्यांच्या सोप्यात ही समुद्राची टाकी. आबांचा मुलगा धैर्यशील जहाजावर इंजिनिअर. समुद्राची हौस त्यानं घरात आणून ठेवली होती. प्रवाळ, क्लाउनफिश, पिवळा टँग मासा, सगळं स्वतः जमवलेलं. पाच महिन्यांपूर्वी तो जहाजावर गेला आणि जाताना टाकी आबांच्या ताब्यात देऊन गेला. सात माशांपैकी चार गेल्या महिन्याभरात मेले होते. उरलेले तीन कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होते आणि प्रवाळांवर हिरवट बुळबुळीत शेवाळ चढलं होतं.

"झालंय काय त्यास्नी?" आबांनी विचारलं.

"आबा, गोठ्यातलं शेण महिनाभर काढलं नाही तर म्हशीचं काय होईल?"

"खुरं कुजतील."

"तसंच. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं पाण्यात कुजतं आणि शेवटी त्याचं नायट्रेट होऊन साठतं. निम्मं पाणी काढायचं, निम्मं नवं घालायचं. म्हणजे शेण काढायचं."

"मग काढ की."

एवढं बोलून माणूस निघून जातो. आबा गेले नाहीत. सत्तरीचे, झुपकेदार मिशांचे, आवाज असा की शेतातनं हाक मारली तर एसटी थांबावी. पण आता त्यांनी आवाज खाली आणला.

"एकबी मासा मरता कामा नये बघ. माझा असल्यावर विश्वास न्हाई, आधीच सांगतो. पण वास्तू बघणारा एक जण येऊन गेला. म्हणाला, घरावरची पीडा मासे अंगावर घेत्यात. चार गेले. तीन हायत तवर नातवाला कवच हाय. ते गेले की..." त्यांनी पुढचं गिळलं. "सोमवारी पोराला पुण्याला न्यायचंय. काळजाला भोक असंल म्हणत्यात."

मला हसू आलं होतं, पण ते ओठांवर यायच्या आत माजघराच्या दारात त्यांची सून उभी राहिली. प्रणोती तिचं नाव, सांगलीची. दुपट्यात गुंडाळलेलं अडीच महिन्यांचं बाळ तिच्या खांद्यावर होतं. मी कौतुक करायला म्हणून पुढं झाले आणि थबकले. बाळाचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे होते. नखंही तशीच. रडायला तोंड उघडत होतं, पण रडण्यात जोर नव्हता.

"आईकडं होता तोवर गुलाबी होता हो," प्रणोती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं, तरी. "दीड महिन्याचा घेऊन आले. इथं आल्यावर पंधरा दिवसांत असा व्हायला लागला. मध्ये चार दिवस सांगलीला नेला तर चांगला खेळायला लागला. परत आणला, की परत हे."

"म्हंजे आमचं घर वाईट व्हय?" आतून आवाज आला. तो आबांच्या बायकोचा, आक्कांचा. "आईच्या अंगावर दूध न्हाई, त्याला घरानं काय करायचं?"

प्रणोतीनं मान खाली घातली. आबा टाकीकडं बघायला लागले. त्या घरात रोज हेच चालत असणार, हे कळायला काही अक्कल लागत नव्हती.

"आबा," मी म्हणाले, "सोमवारी तुम्ही पुण्याला जाल तेव्हा तिन्ही मासे उड्या मारत असतील. माझा शब्द."

शब्द द्यायला माझं काय जात होतं! पाणी बदलायचं काम मी झोपेतसुद्धा केलं असतं.

टाकीशेजारी निळं पिंप होतं, त्यावर धैर्यशीलच्या अक्षरात 'शुद्ध पाणी' असं लिहिलेलं. पाणी शुद्ध करायचं मशीन भिंतीला टांगलेलं. मी समुद्री मीठ पिंपात घातलं, पंपानं घुसळलं, खारटपणा मोजला, टाकीतलं निम्मं पाणी उपसून परसात सोडलं आणि नवं भरलं. दगडांमागची घाण नळीनं ओढून काढली. संध्याकाळी चारला हात धुतले. आक्कांनी चहा दिला, मी दोन कप प्याले आणि 'उद्या सकाळी येऊन परत तपासते' म्हणून ऐटीत व्हॅन सुरू केली.

शनिवारी सकाळी नळी हलवली. दुसऱ्याच मिनिटाला लाल.

मी नळी धुतली. परत केलं. लाल. औषध जुनं असेल म्हणून नवी बाटली फोडली. लालच. निम्मं पाणी बदललं म्हणजे नायट्रेट निम्मं व्हायला हवं होतं. हा साधा हिशोब, बालवाडीतलं पोरही सांगेल. इथं तर रंगांच्या पट्टीशी ताडून बघितलं, तर ते जेमतेम पाव हिश्शानं खाली आलं होतं. तिन्ही मासे जिवंत होते, पण धापा तशाच.

मला ज्यांनी हे काम शिकवलं, त्या सरांचा पहिला नियम होता: जे पाणी घालायचं ते आधी तपास. पिंपावर शुद्ध लिहिलंय म्हणून मी तपासलंच नव्हतं. कान लाल झाले माझे. पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. हेसुद्धा लाल.

"आबा, या पिंपात पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"आणि हे मशीन?"

"ते व्हय! तीन घागरी सांडून एक घागर देतंय, ती बी बेचव. मेलेलं पाणी ते. आमच्या विहिरीचं पाणी अमृत हाय अमृत. चार पिढ्या प्याल्या. लेकरू गेलं जहाजावर आन् मी म्हटलं, जिवंत माशाला मेलेलं पाणी कशाला?"

"म्हणजे पाच महिने तुम्ही विहिरीचं पाणी घालताय?"

"रोज एक बादली. टाकीतलं पाणी कमी हुतंय, मग भरायला नको?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो आबा, कमी होतं म्हणजे पाणी उडून जातं. पाणी तेवढं उडतं, त्यातलं नायट्रेट उडत नाही! ते मागंच राहतं. रोज बादलीभर नवं घालता, पाणी परत उडतं, नायट्रेट परत मागं राहतं. पाच महिने तुम्ही आटवून आटवून काढा करताय इथं."

"पर विहिरीत ते आलंच कुठनं?"

मी खिडकीतून बाहेर बोट केलं. विहिरीच्या काठापासून ऊस सुरू होत होता तो पार नदीपर्यंत.

"युरिया किती घालता?"

"उसाला घालतो. विहिरीला न्हाई घालत." हे बोलताना आबांचा आवाज मात्र पहिल्यासारखा राहिला नव्हता.

गुन्हेगार सापडला म्हणून मी खूश झाले होते. आता मशीन चालू करायचं, चांगलं पाणी साठवायचं, सोमवारपर्यंत निम्मं नायट्रेट तरी खाली आणायचं. शब्द जाणार नव्हता. विहिरीचं ताजं पाणी एकदा तपासून घ्यावं म्हणून मी नळी आणि औषध घेऊन परसात गेले.

परसात चुलीवर पितळी पातेलं रटरटत होतं. आक्का शेजारी पाटावर बसून एका काडीनं पाण्याची उंची मोजत होत्या. काडीला दोन खुणा केलेल्या.

"काय शिजतंय आक्का?"

"शिजतंय काय, पाणी हाय. बाळाचं." काल सुनेला बोलताना जो आवाज होता तो आज नव्हता. "चार तांबे ठेवायचे आन् दोन उरवायचे. निम्मं आटलं की पचायला हलकं. माझी सासू असंच करायची, मी धैर्यशीलला ह्यावरच वाढवला. ह्यातच दुधाची पावडर कालवायची आन् वर दोन चमचे नुसतं बी पाजायचं. आजकालच्या पोरींना दम न्हाई, एक उकळी आली की उतरवत्यात. पहाटे उठून मी सोता बसते हितं."

"पाणी विहिरीचंच?"

"मग काय गटारीचं?" त्या हसल्या.

मी त्या पातेल्याकडं बघत राहिले. वाफ वर जात होती. पाणी तेवढं उडतं, त्यातलं नायट्रेट उडत नाही. दहा मिनिटांपूर्वी मीच मोठ्या तोंडानं आबांना शिकवलं होतं.

"आक्का, डॉक्टरांनी बाळाचं रक्त काढलं होतं का?"

"काढलं की परवा, टाचेतनं. बघवंना मला. काळपट, गुळवणीसारखं. हिच्या माहेरचं रक्तच तसलं म्हणायचं, दुसरं काय."

गुळवणी! असं रक्त मी पाहिलं होतं. बाळांचं नाही, माशांचं. टाकी बिघडली, पाण्यात नायट्राइट झालं, की माशाचे कल्ले तपकिरी पडतात. रक्त हवा धरून ठेवत नाही. पाण्यात भरपूर हवा असते, पण मासा तोंड वर करून धापा टाकत मरतो. आणि माझ्या शिकायच्या पुस्तकात, नायट्रेटच्या प्रकरणात, अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. तान्ह्या मुलांच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं. परीक्षेला येणार नाही म्हणून मी तिच्यावर फुली मारली होती.

मी पळीनं पातेल्यातलं पाणी घेतलं, फुंकून निववलं, नळीत भरलं. थेंब टाकले, हलवली. पाच मिनिटं लागलीच नाहीत. रंगांच्या पट्टीवरचा शेवटचा चौकोन गडद लाल असतो. हे पाणी त्याच्याही पुढं गेलं.

तेवढ्यात प्रणोती बाटली घेऊन आली. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात बाटली. आक्कांनी बाजूच्या तांब्यातलं निवलेलं पाणी तीत ओतलं, प्रणोती पावडर घालणार, एवढ्यात मी झडप घालून बाटली तिच्या हातातून काढली आणि मोरीत उपडी केली.

"अगं ए! डोकं फिरलं का काय तुझं?" आक्का उठल्याच.

"हे पाणी बाळाला द्यायचं नाही. एक थेंब नाही."

"माझ्या हातचं पाणी?"

"आक्का, माशांना जे झालंय तेच बाळाला झालंय. मला तसं वाटतंय. हृदयाचं नसेल हे."

आवाज ऐकून आबा धावत आले. मी कशीबशी सांगितली सगळी हकिगत. सांगताना माझं मलाच खरं वाटेना. मी मासेवाली बाई, डॉक्टर नव्हे. एवढ्या मोठ्या घराला परसात उभी राहून सांगतेय, की तुमची विहीर विषारी आहे.

"चार पिढ्या!" आबा गरजले. "चार पिढ्या ह्या पाण्यावर वाढल्या. मी वाढलो, धैर्यशील वाढला. कुणाचे ओठ निळे झाले?"

"तेव्हा एकराला युरियाची किती पोती पडत होती, आबा?"

आबांची नजर उसाकडं गेली.

"तू माशांचं बघ," आक्का माझ्या अंगावरच आल्या. "कालची शेंबडी पोर, आन् मला शिकवायला आली! मी माझ्या नातवाला विष घालते म्हणतीस? पहाटे चारला उठून?"

मी खिशातून फोन काढला. कोल्हापुरातले बालरोगतज्ज्ञ डॉ. नेर्लेकर माझे गिऱ्हाईक होते. त्यांची चार फुटी टाकी मीच बघायचे. त्यांनी फोन उचलला आणि लगेच म्हणाले, "काय गं केतकी, माझे मासे ठीक ना?"

"तुमचे ठीक आहेत. डॉक्टर, एक बाळ आहे, अडीच महिन्यांचं." मी सांगत गेले. ते हूं हूं करत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"रक्ताचा रंग?"

"आजी म्हणतात, गुळवणीसारखा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आत्ता निघा. आणि ते पाणी बाटलीत भरून आण."

मी फोन खाली केला. आक्का पातेल्याच्या पुढं दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, जणू मी पातेलंच पळवणार. आबा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. कुणीच काही ठरवेना. सोमवार दोन दिवसांवर होता आणि बाळ माझ्या डोळ्यांसमोर धापा टाकत होतं.

"चला," प्रणोती म्हणाली.

दोन दिवसांत तिचा एवढा खणखणीत आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिनं दुपटं आवळलं, सासूच्या हातापाशी वाकून तांब्या उचलला, उरलेलं पाणी रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बूच लावलं. "आबा, येताय का मी एकटी जाऊ?"

आबा माझ्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. पायात चप्पलही नव्हती.

कोल्हापूरपर्यंत मी व्हॅन पळेल तेवढी पळवली. दवाखान्यात डॉ. नेर्लेकरांनी बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर घेतला. शेजारी स्वतःच्या बोटाचा एक थेंब टाकला. कागद हवेत हलवला. त्यांचा थेंब लालभडक झाला. बाळाचा होता तसाच तपकिरी राहिला.

"काळीज ठणठणीत असणार हो याचं," ते आबांना म्हणाले. "सोमवारचं रद्द करा. आपण नंतर खात्री करून घेऊ."

मग आणखी तपासण्या झाल्या आणि त्यांनी इंजेक्शन भरलं. सुईतलं औषध गडद निळं होतं, शाईसारखं. मी नाव वाचलं आणि मला रडू की हसू तेच कळेना. याच नावाची बाटली माझ्या पिशवीत कायम असते, आजारी माशांसाठी. अर्थात बाळाचं औषध निराळं बनवलेलं, निराळं मोजलेलं, ते डॉक्टरनंच द्यायचं. पण नाव तेच.

तासाभरात आधी कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या. मग नखं. मग पोरानं असं भोकाड पसरलं की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. प्रणोती त्याला छातीशी घेऊन डुलत राहिली आणि पुन्हापुन्हा एकच म्हणत राहिली, "रड रे राजा, रड." आबा बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि स्वतःवर जाम खूश झाले. का न व्हावं? माशाच्या बाईनं डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं!

रविवारी सकाळी मी कुरणवाडीला परत गेले. प्रणोतीचे कपडे आणायचे होते, मशीन चालू करून टाकीसाठी पाणी साठवायचं होतं. तिन्ही मासे तग धरून होते. पुढच्या दीड महिन्यात मी त्यांच्या पाण्याचं नायट्रेट लालवरून पार पिवळ्यापर्यंत खाली आणलं, पण ते महत्त्वाचं नाही.

घरात आक्का एकट्या होत्या. परसातली चूल थंड, पितळी पातेलं उपडं घातलेलं. त्या कालच्याच लुगड्यात पाटावर बसल्या होत्या. आबांनी रात्रीच फोन करून सगळं सांगितलं होतं. शेजारी ताट झाकलेलं होतं, त्याला हातही लागला नव्हता.

"बाळ छान आहे, आक्का. भरपूर रडतंय."

"मीच पाजलं व्हय गं त्याला?"

मी फाटक्या तोंडाची. प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडं उत्तर तयार असायचं. तुम्हाला काय माहीत होतं, तुमचा काय दोष, असं म्हणायला तोंड उघडलं, पण त्या बाई माझ्या डोळ्यांत बघत होत्या. खोटं बोलवेना.

"हो, आक्का."

"आन् आटवल्यानं जास्त झालं?"

"दुप्पट."

त्यांनी मान हलवली. मग उठल्या, तोंड धुतलं, आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आल्या. डोईवर पदर घेतला.

"तुझी ती नळी घे. चल."

"कुठं?"

"मी आमच्या आळीत बाळंतीण झाली की घरनं घागर धाडते. इंगवल्यांच्या विहिरीचं पाणी. कसं आटवायचं तेबी मीच जाऊन दावते. आता दोन घरी पाळणे हलत्यात."

पहिल्या घरी पोर चार महिन्यांचं होतं, अंगावर पिणारं, धष्टपुष्ट. तरी आक्कांनी त्याच्या आजीला बाहेर बोलावून, उभ्या उभ्या सांगितलं. "माझ्या पाण्यानं माझा नातू मरत हुता. ही पोरगी साक्षीला हाय. वरचं पाणी बंद कर." मी नळी हलवून लाल रंग दाखवला. दुसऱ्या घरी एक महिन्याची मुलगी होती. तिची आई घागर उचलून आमच्या देखत उकिरड्यावर पालथी करून आली. दोन्ही ठिकाणी आक्का रडल्या नाहीत, चहा घ्या म्हटल्यावर थांबल्या नाहीत. गावात ज्या बाईपुढं कुणी मान वर करत नव्हतं, ती बाई दारोदार आपली चूक सांगत फिरत होती, आणि मी मागून पिशवी सावरत चालले होते.

वाटलं, झालं. पण त्या घराकडं वळेचनात. आळीच्या टोकाकडं चालत राहिल्या.

"आता कुठं, आक्का?"

"भोपळ्यांच्या घरी. सुवर्णाकडं. गेल्या साली तिचं पोर गेलं, दोन महिन्यांचं. निळं पडून."

मी तिथंच थांबले. "तिलाही घागर...?"

"मीच धाडत हुते."

"आक्का, ते याच्यानंच गेलं असं आता कुणाला सांगता येणार नाही. डॉक्टरलाही नाही. आणि ते बाळ तर गेलंच. आता सांगून काय उपयोग? जखम उघडी होईल नुसती. शिव्या घालतील तुम्हाला."

"घालू देत." त्या वळल्या. "पोरी, तिची सासू येता-जाता काय म्हणती ठावं हाय? हिच्या पोटातच खोट हाय. नासकी कूस. आता परत पाचवा महिना हाय तिला. पोर हुयाच्या आधीच तिला भ्या घालून मारत्यात. मी बी म्हणले हुते तसं. चार बायकांत बसून म्हणले हुते." त्या परत चालायला लागल्या. "तुला खात्री नसंल. मला हाय."

सुवर्णा दारातच भांडी घासत होती. माझ्याच वयाची, हडकुळी. इंगवल्यांच्या आक्का दारात बघून ती गडबडून उठली, राखेचे हात पाठीमागं लपवले. "या की आक्का, बसा."

आक्का बसल्या नाहीत.

"सुवर्णा, तुझ्या कुशीत खोट न्हाई. न्हवती कधी. पाण्यात हुती. पाणी माझ्या विहिरीचं हुतं, आटवून पाजायला मी सांगितलं हुतं. तुझं लेकरू माझ्या पाण्यानं गेलं. माझा नातू कालच्याला तसाच चालला हुता, ह्या पोरीनं राखला. तू काय बी केलं न्हाईस. ऐकलंस का? तू काय बी केलं न्हाईस."

मी मनातून तयारी करत होते, आता ही ओरडणार, आता हातातलं भांडं भिरकावणार. तिनं तसं काही केलं नाही. राखेचा हात तिनं हळूच पोटावर ठेवला. लुगड्यावर पाच बोटं उठली. मग तिनं मागं वळून घरात हाक मारली.

"आत्या! भायेर या."

आतून कुरकुर ऐकू आली.

"भायेर या म्हणते न्हवं! मामंजींनाबी आणा."

सासू आली, सासरा आला. शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. सुवर्णाचा आवाज कापत होता, पण मान ताठ होती.

"आक्का," ती म्हणाली, "परत एकदा सांगा. आन् मोठ्यानं सांगा."

आक्कांनी डोईवरचा पदर सारखा केला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.